सीझरचं बंड पटतं का? ‘राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’वरची मतमतांतरं आणि त्यामागचं विज्ञान

‘राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’ (२०११) पाहिलेल्यांचं एका गोष्टीवर जवळपास एकमत असतं: सीझर हा चिंपांझी डोक्यातून जात नाही. मतं फुटतात ती त्यापुढे. कुणाला त्यातलं विज्ञान पोकळ वाटतं, कुणाला माणसांची पात्रं कागदी वाटतात. जुन्या चित्रपटांचे चाहते म्हणतात की आधीच्या मालिकेशी हे जुळत नाही. ‘शंभर-दोनशे वानर जग कसं जिंकणार?’ हा प्रश्न तर हमखास येतो. यातले काही आक्षेप खरे आहेत, काही अर्धवट आठवणीतून येतात, आणि काहींचं उत्तर पडद्यावर असूनही ते नजरेतून सुटतं.

दिग्दर्शक रूपर्ट वायट आणि लेखक रिक जाफा व अमांडा सिल्व्हर यांनी एक मोठा निर्णय घेतला. गोष्ट माणसापासून सुरू करायची आणि अर्ध्या वाटेवर ती त्याच्या हातून काढून सीझरला द्यायची. चित्रपटाबद्दलची बहुतेक स्तुती आणि बहुतेक तक्रारी याच एका निर्णयातून निघतात. तो लक्षात ठेवून एकेक मुद्दा पाहू. पुढे कथेचा शेवटही उलगडलेला आहे, तेव्हा चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहून घ्यावा.

आकडे काय सांगतात

सुमारे ९.३ कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात ४८ कोटी डॉलरच्या वर कमाई केली. रॉटन टोमॅटोजवर समीक्षकांचा कौल ८० टक्क्यांच्या पुढे आहे आणि सिनेमास्कोरवर त्याला ‘ए मायनस’ मिळाला. हे दोन आकडे सरसकट एकत्र वापरले जातात, पण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

रॉटन टोमॅटोजची टक्केवारी म्हणजे चित्रपटाला शंभरपैकी मिळालेले गुण नव्हेत. शंभरपैकी किती समीक्षकांनी एकूण अनुकूल मत दिलं, एवढंच ती सांगते. सगळ्यांनी ‘बरा आहे’ म्हटलं तरी ती १०० टक्के होईल. अर्ध्यांनी ‘अप्रतिम’ आणि अर्ध्यांनी ‘नापसंत’ म्हटलं तर ५० टक्के होईल. सिनेमास्कोरची पद्धत निराळी आहे. अमेरिकेत प्रदर्शनाच्या पहिल्याच दिवशी थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांकडून कागदावर श्रेणी घेतली जाते. पहिल्या दिवशी जाणारा प्रेक्षक आधीच उत्सुक असतो, त्यामुळे ही श्रेणी ‘जी अपेक्षा घेऊन आलो ती पुरी झाली का’ याचं उत्तर देते. ‘ए मायनस’ मिळणं म्हणजे लोकांना जाहिरातीत दिसलं त्याच्या जवळपासचं, किंवा त्याहून जास्त, मिळालं.

त्या आधी २००१ मध्ये टिम बर्टन यांनी मूळ कथा नव्याने करून पाहिली होती आणि तिच्या शेवटाने बऱ्याच जणांचा गोंधळ उडाला होता. त्यामुळे २०११ मध्ये अपेक्षा बेताच्या होत्या. सुरुवातीच्या उत्साही मतांत या सुखद धक्क्याचा वाटा आहे. तरीही चित्रपट इतक्या वर्षांनंतर टिकून आहे तो केवळ त्या धक्क्यावर नाही.

पूर्वकथा की नवी सुरुवात?

जुन्या चाहत्यांची तक्रार समजायला मालिकेची कालरेषा माहीत हवी. पियर बूल यांची फ्रेंच कादंबरी १९६३ ची. तिच्यावरचा पहिला चित्रपट १९६८ चा: अंतराळवीर एका ग्रहावर उतरतात, तिथे वानर बोलतात आणि राज्य करतात, माणसं मुकी आणि रानटी आहेत, आणि शेवटी कळतं की हा ग्रह म्हणजे पृथ्वीच. त्यानंतर १९७० ते १९७३ दरम्यान चार उत्तरभाग आले. त्यातल्या १९७१ च्या भागात तीन सुशिक्षित चिंपांझी यानातून काळात मागे येतात. त्यातल्या जोडप्याचं पिल्लू मोठं होऊन १९७२ च्या भागात गुलाम वानरांचं बंड उभं करतं. त्याचंही नाव सीझरच.

म्हणजे जुन्या मालिकेत वानरांच्या बुद्धीचं मूळ एका कालचक्रात अडकलेलं होतं. भविष्यातले वानर भूतकाळात आले म्हणून वानरांचं राज्य आलं, आणि ते राज्य आलं म्हणूनच ते भूतकाळात येऊ शकले. २०११ च्या चित्रपटाने हे चक्र बाजूला ठेवलं आणि कारण म्हणून प्रयोगशाळेतला विषाणू आणला. त्यामुळे तो १९६८ च्या गोष्टीची पूर्वकथा म्हणता येतो, पण १९७१-७२ च्या भागांशी जुळणारी नाही. ‘जुळत नाही’ हा आक्षेप वस्तुस्थिती म्हणून बरोबर आहे. दोष म्हणून तो टिकत नाही, कारण जुळवायचा इरादाच नव्हता. बंडाचा सांगाडा मात्र १९७२ च्या भागातूनच आलेला आहे.

१९६८ शी धागा जोडण्यासाठी पेरलेल्या खुणा हा वेगळा विषय आहे. टीव्हीवरच्या बातमीत मंगळाकडे निघालेलं ‘इकारस’ यान दिसतं, पुढे वर्तमानपत्रात ते हरवल्याची बातमी येते. मूळ चित्रपटात यानाला नाव नव्हतं, ‘इकारस’ हे नाव चाहत्यांमध्ये रुळलेलं होतं आणि लेखकांनी ते उचललं. सीझरच्या आईचं नाव ‘ब्राइट आइज्’ ठेवलंय; १९६८ मध्ये चिंपांझी शास्त्रज्ञ पकडलेल्या माणसाला याच नावाने हाक मारते. मॉरिस या ओरांगउटानचं नाव मूळ चित्रपटात ओरांगउटानची भूमिका करणाऱ्या मॉरिस इव्हान्स यांच्यावरून आलंय. या खुणा कथेला धक्का लावत नाहीत. ज्याला कळतात त्याला आनंद, ज्याला कळत नाहीत त्याचं काही अडत नाही.

बिघडतं ते डॉजच्या तोंडी. सीझरला पुढे ज्या वानर-निवाऱ्यात कोंडतात तिथला हा क्रूर रखवालदार १९६८ मधलं सर्वांत प्रसिद्ध वाक्य (‘तुझे घाणेरडे पंजे दूर कर, गलिच्छ वानरा’ अशा अर्थाचं) जसंच्या तसं म्हणतो, तेही नेमकं सीझर पहिला शब्द उच्चारणार त्याच्या आधी. जुना चाहता त्या क्षणी ओळखीने हसतो. नव्या प्रेक्षकाला वाक्य कृत्रिम वाटतं. दोघांचंही लक्ष एक क्षणभर गोष्टीबाहेर जातं, आणि ते जायला नको अशी चित्रपटातली ही सर्वांत महत्त्वाची जागा आहे. या वाक्यावर नाराज असणाऱ्यांचं म्हणणं पूर्णपणे पटण्यासारखं आहे.

विषाणूचं विज्ञान: जितकं वाटतं तितकं कच्चं नाही

विल रॉडमन (जेम्स फ्रँको) जेन-सिस कंपनीत अल्झायमरवर औषध शोधतोय. त्याचं एएलझेड-११२ हे औषध म्हणजे विषाणूच्या कवचात भरलेली जनुकं. जनुकोपचाराची ही पद्धत खरी आहे. विषाणूतला आजार करणारा भाग काढायचा, त्या जागी हवं ते जनुक भरायचं, आणि पेशीत शिरण्याचं त्याचं कसब आपल्या कामासाठी वापरायचं. अडचण येते मेंदूच्या दारात. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी इथे इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की रक्तातून येणारे बहुतेक मोठे रेणू आणि कण मेंदूत शिरू शकत नाहीत. काही मोजके विषाणू हा अडथळा ओलांडतात, म्हणूनच जनुकोपचारात त्यांना एवढी मागणी आहे.

यात एक तपशील लेखकांनी कमालीचा अचूक पकडलाय, आणि त्याचं श्रेय त्यांना फारसं मिळत नाही. विल आपल्या आजारी वडिलांना (जॉन लिथगो) एएलझेड-११२ चोरून टोचतो. ते झपाट्याने बरे होतात, आणि काही वर्षांनी पुन्हा ढासळतात, कारण त्यांच्या शरीराने विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलेली असतात. प्रत्यक्ष जनुकोपचारातली ही मोठी डोकेदुखी आहे. एकदा विषाणू टोचला की प्रतिकारशक्ती त्याला ओळखते आणि दुसऱ्या वेळी तोच विषाणू पेशीत पोहोचण्याआधीच निकामी होतो. उपाय एकच सुचतो: प्रतिकारशक्तीला न ओळखता येणारा, जास्त जोरकस विषाणू वापरायचा. विल नेमकं तेच करतो, आणि त्यातून एएलझेड-११३ जन्मतो. माणुसकीपोटी उचललेलं, शास्त्रीयदृष्ट्या तर्काला धरून असलेलं पाऊल माणसाचा घात करतं. चित्रपटातला खलनायक कोण, या वादाचं उत्तर शोधणाऱ्यांनी इथे थांबून पाहावं.

एकच विषाणू वानरांना हुशार करतो आणि माणसांना मारतो, हे सोयीस्कर वाटतं. पण प्रजाती बदलली की विषाणूचं वागणं पार बदलतं, याची उदाहरणं भरपूर आहेत. मॅकाक माकडांमधला हर्पीस-बी विषाणू त्यांना जेमतेम त्रास देतो. माणसाला झाला आणि उपचार मिळाला नाही तर तो बहुधा जीव घेतो. उलट बाजूने, माणसाला साधी सर्दी-खोकला देणाऱ्या श्वसनविषाणूंनी आफ्रिकेतल्या जंगली चिंपांझींचे बळी घेतल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा हा भाग पटण्यासारखा आहे.

पटत नाही ते वेगाचं. सीझर एएलझेड-११३ च्या नळकांड्या आणून निवाऱ्यात वायू सोडतो आणि सकाळपर्यंत सगळे वानर बदललेले असतात. खऱ्या जनुकोपचारात पेशीत शिरलेलं जनुक पुरेसं प्रथिन बनवू लागायला अनेक दिवस ते काही आठवडे जातात. नव्या चेतापेशी तयार होऊन जुन्या जाळ्यात बसायलाही आठवडे लागतात. शिवाय मेंदूची क्षमता वाढली म्हणजे ज्ञान आलं असं होत नाही. ते अनुभवातून भरावं लागतं. बचावाचा एक मुद्दा मात्र आहे. चित्रपट त्या वानरांना एका रात्रीत विद्वान करत नाही. त्यांना फक्त सीझरचे इशारे समजून एकत्र हालचाल करायची आहे. योजना आखणारा सीझर एकटाच, आणि त्याच्या पाठीशी माणसाच्या घरातली सुमारे ८ वर्षं आहेत. त्या वर्षांत तो खुणांची भाषा शिकलाय, कोडी सोडवलीत, माणसं वाचायला शिकलाय.

सीझरची बुद्धी त्याला आईकडून मिळते, इथेही बारीक फरक करावा लागतो. शरीराच्या इतर पेशींत घातलेलं जनुक आपोआप पुढच्या पिढीत जात नाही. त्यासाठी ते बीजपेशींत शिरावं लागतं. पण ब्राइट आइज् औषध घेताना गरोदर असेल तर विषाणू गर्भापर्यंत पोहोचू शकतो, आणि घडणाऱ्या मेंदूवर त्याचा परिणाम प्रौढ मेंदूपेक्षा खूप मोठा असेल. सीझर आईपेक्षा हुशार का, याचं हे सर्वांत सरळ स्पष्टीकरण आहे.

‘नो!’

चित्रपटातला सर्वांत गाजलेला क्षण हाच आणि शास्त्रीय वादही सर्वांत जास्त याच जागेवर. डॉज विजेचा दंडुका उगारतो, सीझर त्याचा हात पकडतो आणि ओरडतो, ‘नो!’

चिंपांझीला बोलायला शिकवण्याचे प्रयोग खरोखर झालेत. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत हेज दांपत्याने व्हिकी नावाची चिंपांझी स्वतःच्या घरात लेकीसारखी वाढवली. अनेक वर्षं कष्ट घेऊन ती चारच शब्द शिकली: मामा, पापा, कप, अप. तेही घोगऱ्या कुजबुजीसारखे. त्यानंतर संशोधक खुणांकडे वळले. वॉशो आणि निम हे चिंपांझी, कोको ही गोरिला, ही नावं त्यातूनच पुढे आली. खुणांमध्ये वानरांनी शेकडो शब्दांपर्यंत मजल मारली, पण त्या शब्दांची वाक्यरचना होते का, यावर निमचा प्रयोग करणाऱ्या हर्बर्ट टेरेस यांनीच १९७९ मध्ये जोरदार शंका घेतली.

अडतं कुठे? बरीच वर्षं दोष घशाच्या रचनेला दिला जायचा. २०१६ मध्ये जीवशास्त्रज्ञ टेकुमसे फिच आणि सहकाऱ्यांनी मॅकाक माकडाच्या घशाच्या क्ष-किरण चित्रफितींवरून संगणकावर हिशेब मांडला आणि दाखवलं की त्या घशातून समजेल इतपत भाषा निघू शकते. खरी उणीव मेंदूकडून स्वरयंत्राकडे जाणाऱ्या नियंत्रणात आहे. माणसात मेंदूच्या बाह्यपटलातून स्वरयंत्र हलवणाऱ्या चेतापेशींपर्यंत थेट जोडणी असते. इतर वानरांत ती फारच क्षीण आहे. म्हणून चिंपांझीचा चीत्कार भावनेसरशी उमटतो, ठरवून आवाज काढणं त्याला अवघड जातं.

आता सीझरकडे पाहा. विषाणूने त्याच्या मेंदूत नव्या जोडण्या केल्या असतील, तर घसा आधीपासून तयारच आहे. चित्रपट आला तेव्हा फिच यांचा अभ्यास व्हायचा होता, तरी लेखकांचा अंदाज ‘अशक्य’ या शेऱ्याला पुरून उरला. सुरुवात एकाच अक्षरी शब्दाने, संतापाच्या भरात, हेही शहाणपणाचं आहे. आवाज आधी भावनेतून फुटतो आणि त्यावर शब्दाचा आकार बसतो.

या क्षणाचा परिणाम इतका जबर का होतो, याचं कारण शास्त्रात नाही, मांडणीत आहे. चित्रपटाची लांबी १०५ मिनिटं. त्यातला मोठा भाग सीझर एक शब्दही बोलत नाही, आणि आपण त्याची प्रत्येक गोष्ट डोळ्यांवरून, खांद्यांवरून वाचायला शिकलेलो असतो. संवादाची सवय मोडलेली असताना शब्द येतो. थिएटरमध्ये त्या जागी पसरणाऱ्या शांततेबद्दल प्रेक्षक आजही बोलतात. शिवाय तो शब्द नकाराचा आहे. १९७१ च्या भागात सांगितलेल्या कथेतही पहिल्या बंडखोर वानराचा पहिला शब्द हाच होता. जुन्या चित्रपटाची ही आठवण कथेत विरघळलेली आहे, आणि त्याच्या शेजारीच डॉजचं ते चिकटवलेलं वाक्य आणखी खटकतं.

निवाऱ्यातलं राजकारण

चित्रपटाचा मधला भाग, जिथे सीझरला सॅन ब्रूनोच्या निवाऱ्यात कोंडलंय, तो बहुतेकांना सर्वांत आवडतो. कारण विचारलं तर ‘तुरुंगातून सुटण्याची गोष्ट आहे म्हणून’ असं उत्तर येतं. ते खरं आहे, पण त्यात चिंपांझींचं खरं समाजजीवनही बारकाईने उतरलंय.

सीझर आत येतो तेव्हा रॉकेट हा टोळीचा म्होरक्या असतो आणि पहिल्याच दिवशी तो सीझरला तुडवतो. सीझर एकट्याने बदला घ्यायला जात नाही. आधी तो एकट्या पिंजऱ्यात कोंडलेल्या बक या गोरिलाला मोकळा करतो. मग बक पाठीशी उभा असताना रॉकेटला नमवतो. त्यानंतर तो बिस्किटं मिळवतो आणि ती रॉकेटच्याच हाती देतो, सगळ्यांना वाटायला.

डच शास्त्रज्ञ फ्रान्स द वाल यांनी १९७० च्या दशकात आर्नेमच्या प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझींचं वर्षानुवर्षं निरीक्षण करून हेच नोंदवलं होतं. म्होरक्या नेहमी सर्वांत दणकट नर असतोच असं नाही. युती करणारा, भांडणं मिटवणारा नर बलवानाला खाली खेचू शकतो, आणि हरलेल्याशी समेट केला नाही तर त्याची गादी टिकत नाही. रॉकेटच्या हातून बिस्किटं वाटणं म्हणजे हरलेल्याला प्रतिष्ठा परत देऊन दुय्यम सरदार करणं. या प्रसंगात एकही बोललेला संवाद नाही आणि तरी सत्तांतर पूर्ण समजतं. सीझरच्या हाती गोष्ट देण्याचा निर्णय इथे सर्वाधिक फळाला येतो.

खरं वागणं आणखी एका ठिकाणी दिसतं. शेजारी राहणारा हन्सिकर विलच्या आजारी वडिलांवर हात टाकतो तेव्हा सीझर त्याच्यावर तुटून पडतो आणि त्याच्या बोटाचा चावा घेतो. पाळलेल्या चिंपांझींच्या हल्ल्यांत बोटं आणि चेहरा यांनाच वारंवार इजा होते. लहानपणी गोंडस वाटणारं पिल्लू वयात येऊ लागलं की घरात ठेवणं धोक्याचं होतं, हे चित्रपटाने सीझरवर माया करूनही लपवलेलं नाही.

सूट घेतलीय ती प्रजाती एकत्र करण्यात. ओरांगउटान निसर्गात बहुतांशी एकटे राहतात, गोरिला एका प्रौढ नराभोवती कुटुंबाने राहतात, चिंपांझी मोठ्या फुटत-जुळत्या टोळ्यांत. गॅबोनमधल्या लोआंगो राष्ट्रीय उद्यानात २०१९ मध्ये चिंपांझींनी गोरिलांच्या कळपावर हल्ले करून पिल्लं मारल्याची नोंद आहे. तेव्हा ‘वानर सारे एक’ ही सीझरची घोषणा निसर्गातून आलेली नाही. ती त्याने घडवलेली राजकीय कल्पना आहे, आणि पुढच्या चित्रपटांचा सगळा ताण ती टिकते का यावरच उभा आहे.

चेहऱ्यामागचा माणूस

या चित्रपटात एकही खरा वानर वापरलेला नाही. सीझर म्हणजे अँडी सर्किस यांचा अभिनय आणि वेटा डिजिटल या दृश्यपरिणाम कंपनीचं काम. ‘मग अभिनय कुणाचा, संगणकाचा की नटाचा?’ हा वाद चित्रपट आल्यापासून चालू आहे. काम कसं झालं ते कळलं की वाद बराच निवळतो.

नट अंगभर खुणा असलेला घट्ट पोशाख घालतो. चेहऱ्यावर ठिपके रंगवतात आणि डोक्यावरच्या शिरस्त्राणाला लावलेला छोटा कॅमेरा सतत त्या ठिपक्यांकडे पाहत राहतो. चौफेर कॅमेरे पोशाखावरच्या खुणा टिपतात आणि त्यांवरून संगणकात सांगाडा हलतो. पूर्वी हे बंद स्टुडिओतच करावं लागे, कारण प्रकाश परावर्तित करणाऱ्या खुणा उन्हात हरवून जात. या चित्रपटासाठी स्वतः अवरक्त प्रकाश सोडणारे छोटे दिवे खुणा म्हणून वापरले. ते कॅमेऱ्याच्या उघडझापेशी जुळवून लुकलुकत, त्यामुळे उघड्यावरही चित्रीकरण जमलं. फायदा असा की सर्किस आणि फ्रँको एकाच जागी, एकमेकांच्या डोळ्यांत पाहत काम करू शकले.

मग अवघड टप्पा: माणसाचा चेहरा चिंपांझीच्या चेहऱ्यावर उतरवणं. जबडा पुढे आलेला, ओठ लांब, भुवयांचं हाड ठळक, नाक चपटं. सर्किस यांचं ओठ दाबणं जसंच्या तसं नेलं तर चिंपांझीच्या तोंडावर ते भलतंच दिसेल. म्हणून कोणता स्नायू किती आखडला हे आधी काढतात आणि मग चिंपांझीच्या चेहऱ्यावर त्याच भावनेचा आकार कसा होईल हे ॲनिमेटर ठरवतात. भावना, तिची वेळ, नजर आणि थांबे नटाचे. त्यांचं भाषांतर, स्नायू, केस आणि कातडी कलाकारांच्या चमूची. दोघांपैकी एकाला वगळून सीझर उभा राहत नाही. स्टुडिओने सर्किस यांच्यासाठी ऑस्करची मोहीम चालवली, पण अभिनयाचं नामांकन मिळालं नाही. दृश्यपरिणामांचं नामांकन मात्र मिळालं.

‘लहान सीझर खोटा वाटतो’ ही तक्रार बऱ्याच जणांची आहे आणि तिला कारण आहे. घरभर उड्या मारणाऱ्या इवल्या पिल्लाच्या हालचाली प्रौढ नटाच्या शरीरातून थेट घेता येत नाहीत. शरीराचं प्रमाण, वजन, वेग सगळंच वेगळं. तिथे ॲनिमेटरांना बरंच हाताने करावं लागतं, आणि हवेतून खाली येताना वजन नीट पडलं नाही की डोळा लगेच पकडतो. सीझर जसा थोराड होत जातो आणि हालचाल मंदावते, तसा तो अधिकाधिक खरा वाटू लागतो.

ताकदीबाबतही थोडी अतिशयोक्ती आहे. चिंपांझी माणसाच्या पाच-सात पट बलवान असतो ही ऐकीव गोष्ट फार पसरलीय. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्नायूंच्या अभ्यासात त्याच्या स्नायूची शक्ती तेवढ्याच मानवी स्नायूच्या सुमारे १.३५ पट निघाली, मुख्यतः जलद आखडणाऱ्या तंतूंचं प्रमाण जास्त असल्यामुळे. माणसाला नमवायला तेवढी पुरेशी आहे. पडद्यावरच्या काही फेका आणि झेपा तिच्या पलीकडे जातात.

माणसं खरंच कागदी आहेत का?

हो. ही तक्रार सर्वांत रास्त आहे. कॅरोलाइनला (फ्रीडा पिंटो) प्राण्यांची डॉक्टर असूनही इशारे देण्यापलीकडे काम नाही. जेन-सिसचा प्रमुख जेकब्स फक्त नफा पाहतो, डॉज फक्त छळतो. अपवाद जॉन लिथगो यांचा, आणि तोही म्हणूनच लक्षात राहतो की सीझरशी त्यांचं नातं मालक-पाळीव असं नाही. दोघांनाही एकाच औषधाने घडवलंय, एक चढतोय आणि दुसरा उतरतोय.

माणसांचा वेळ सीझरला दिला हे समजू शकतं. पण डॉजला एखादी बाजू दिली असती तर सीझरचा निर्णय अधिक कठीण झाला असता आणि बंड अधिक जड वाटलं असतं. २०१४ च्या पुढच्या भागात मॅट रीव्ह्ज यांनी माणूस आणि वानर दोन्हीकडे समंजस आणि सूडाने पेटलेले असे दोन्ही प्रकार ठेवले, ते या उणिवेचं उत्तरच आहे.

पूल आणि शेवटची काही मिनिटं

गोल्डन गेट पुलावरची लढाई दोनदा पाहिली की तिची आखणी कळते. धुकं आहे, पोलिसांना लांबचं दिसत नाही. वानरांची एक तुकडी वरच्या तारांवरून जाते, एक रस्त्याखालच्या लोखंडी सांगाड्याला लटकत, आणि उरलेले बस आडवी ढकलत तिच्या आडोशाने. पोलिसांची तयारी फक्त समोरच्या हल्ल्याची असते. झाडावर चढणाऱ्या प्राण्यासाठी पूल म्हणजे तीन मजली रस्ता आहे, हे सीझरला कळतं आणि माणसांना कळत नाही. सॅन फ्रान्सिस्को जिंकायचा त्याचा विचारच नाही. त्याला पुलापलीकडच्या म्युअर वुड्समधल्या उंच रेडवूड झाडांपर्यंत पोहोचायचंय, जिथे लहानपणी विल त्याला नेत असे.

वानरांच्या संख्येचा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. निवारा, जेन-सिसची प्रयोगशाळा आणि प्राणिसंग्रहालय मिळूनही पडद्यावर दिसते तेवढी झुंड जमणं कठीण आहे.

‘एवढ्यांनी जग कसं जिंकलं?’ या प्रश्नाचं उत्तर श्रेयनामावली सुरू झाल्यावर येतं, आणि त्या आधीच उठून गेलेल्यांना ते मिळालेलं नसतं. प्रयोगशाळेत एएलझेड-११३ हुंगलेला कर्मचारी फ्रँकलिन मरण्याआधी हन्सिकरच्या अंगावर शिंकतो. हन्सिकर वैमानिक आहे. विमानतळावर त्याच्या नाकातून रक्ताचा थेंब पडतो, आणि मग नकाशावर विमानमार्गांच्या रेषा शहरामागून शहर गाठत जातात. वानर जग जिंकत नाहीत. माणसं नाहीशी होतात आणि जग वानरांकडे उरतं. हा दुवा सुटला की अख्खा चित्रपट अतर्क्य वाटतो, म्हणून ज्यांना शेवट पटला नाही त्यांनी तेवढा तुकडा आवर्जून पाहावा.

ज्यांना मालिका नव्याने पाहायची आहे त्यांनी १९६८ चा चित्रपट आधी पाहणं चांगलं. त्याचा शेवट माहीत नसताना पाहण्यात जे मिळतं ते नंतर मिळत नाही. मग २०११, २०१४ आणि २०१७ हे तीन सलग. २०१७ च्या भागात विषाणू बदलतो आणि जगलेल्या माणसांची वाचा हिरावून घेतो. १९६८ मधली माणसं मुकी का, याचं कारण तिथे सापडतं. २०२४ चा भाग अनेक पिढ्यांनंतरचा आहे आणि तो सवडीने पाहिला तरी चालतो. १९७० च्या दशकातले चार भाग वेगळी मालिका समजूनच पाहावेत. त्यातला १९७२ चा भाग २०११ नंतर पाहिला, तर त्याच नावाचा सीझर किती वेगळ्या रागाने उभा राहतो ते दिसतं: तिथे माणसांनी वानरांना उघड गुलाम केलेलं आहे, तर इथे सीझरला प्रेमाने वाढवणाऱ्या माणसानेच त्याच्या गळ्यात पट्टा घातलेला आहे.